अडत पन्नास टक्के

"मीरा, काल होतीस कुठे दिवसभर? तुझं खोकं कुरियरवाला माझ्या दारात टाकून गेला."

"लिसन गॅलरीत, काकू. एजवेअर रोड स्टेशनला उतरलं की जवळच, बेल स्ट्रीटवर. बघायला पैसे पडत नाहीत, चला एकदा."

"पैसे पडत नाहीत म्हणजे विकायला बसलेत. कुणाची आहे?"

"निकोलस लॉग्सडेलची. १९६७ मध्ये इथे लंडनात शिकता शिकताच काढली त्यानं. तो चॉकलेट फॅक्टरीवाल्या रोआल्ड डालचा भाचा."

"मामाचं नाव मोठं आहे हो! मग?"

"मग शिल्पकार अनिश कपूर. १९८२ मध्ये त्यांनी त्याचं काम पहिल्यांदा मांडलं, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. चाळीस वर्षं उलटली, अजून तिथेच आहे."

"पंजाबी का?"

"वडील पंजाबी, आई बगदादी ज्यू घरातली. जन्म मुंबईचा. आणि आईचे वडील पुण्याच्या सिनॅगॉगमध्ये प्रार्थना म्हणवायचे."

"अगं बाई, आजोळ पुण्याचं! मग भांडकुदळ असणार."

"आहेच! एक काळा रंग निघाला होता, व्हँटाब्लॅक. उजेडच गिळतो म्हणे. २०१६ मध्ये कलेत तो वापरायचा हक्क यानं एकट्यानं घेतला. बाकीचे कलाकार खवळले. स्टुअर्ट सेंपल नावाच्यानं भडक गुलाबी रंग काढला आणि अट घातली, घेणाऱ्यानं लिहून द्यायचं की मी अनिश कपूर नाही!"

"शाब्बास! मग?"

"मग यानं तो मिळवला, मधलं बोट त्यात बुडवलं आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकला."

"साठी उलटलेल्या माणसानं? शोभतं का? … पण बोट कसं दिसत होतं गं?"

"गुलाबी!"

"बरं, ते जाऊ दे. गॅलरीला काय सुटतं?"

"त्यांचं आपसातलं कोण सांगणार? पण या धंद्यात साधारण निम्मे गॅलरीचे, निम्मे कलाकाराचे."

"निम्मे! आमच्या अण्णांची लासलगावला अडत होती. शेकड्याला पाच-सहा रुपये कापले तरी शेतकरी शिव्या घालून जायचे."

"अण्णांचा कांदा संध्याकाळपर्यंत विकला जायचा, काकू. याचं सुरुवातीचं काम म्हणजे जमिनीवर मांडलेले आकार, वर कोरड्या रंगाची पूड. हात लागला की बिघडलं. असलं कोण घरी नेणार? तरी गॅलरी जागा देते, कॅटलॉग छापते, म्युझियमवाल्यांना आणून दाखवते. १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनाले प्रदर्शनाला तो ब्रिटनतर्फे गेला, पुढच्याच वर्षी टर्नर प्राइझ. तोवर धीर कुणी धरला?"

"आणि न विकलेला माल कुणाच्या गळ्यात?"

"बहुतेक वेळा… कलाकाराच्याच. विकेपर्यंत मालकी त्याचीच असते."

"बघ! धीर गॅलरीचा आणि अडगळ त्याची. मग निम्मे कशाचे?"

"तुम्ही ना, काकू! शिकागोतला त्याचा चकचकीत घेवडा बघितलाय ना फोटोत? शंभर टनांच्या आसपास आहे. असलं काम उभं करायला वर्षं लागतात. पाठीशी कुणीतरी नको का? २०१० मध्ये मुंबईत मेहबूब स्टुडिओत त्यानं लाल मेणाचे गोळे तोफेतून कोपऱ्यात डागले. तिथेही लिसन बरोबर होतीच."

"वांद्र्याच्या मेहबूबमध्ये? आणि पुसलं कुणी?"

"ते मला काय माहीत!"

"असल्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही. बरं, तो फक्त यांचाच का?"

"छे, न्यूयॉर्कला बार्बरा ग्लॅडस्टोनकडेही वर्षानुवर्षं होता."

"मग हुशार आहे. एकाच अडत्याला बांधून घेतलं की भाव पडतो, अण्णा सांगायचे. शनिवारी उघडी असते का तुझी गॅलरी? माझा फुकट प्रवासाचा फ्रीडम पास आहेच."

"असते. पण तिथे किमती लावलेल्या नसतात हं. विचाराव्या लागतात."

"मग विचारू की. तू मात्र गप्प राहा, मी विचारते."