सपाट रेषेचा साधक

हल्लीच्या बऱ्याच सबवूफरांत खोलीनुसार आवाज सुधारण्याची सोय आतच येते. माइक सोफ्यावर ठेवायचा, बटण दाबायचं. सबवूफर घुंऽऽ करत खालच्या सुरापासून वर चढतो आणि खोलीमुळे जो सूर फुगतो त्याला कात्री लावतो. पाच मिनिटांचं काम. ज्यांना ते पाच मिनिटांचं वाटतं, ते या लेखाचा विषय नव्हेत.

आपला साधक पन्नाशीचा, गृहकर्ज फिटलेला. पूर्वी तो गाणी ऐकायचा, आता खोली ऐकतो. ‘छान आहे हॉल,’ असं कुणी म्हटलं की खिन्न होतो. ‘12 बाय 12. म्हणजे 47 हर्ट्झ.’ ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं, येईल त्या सुराला खोली डोक्यावर घेते, हे चहा येण्याआधी सांगून होतं. चौरस हॉल काढणाऱ्या बिल्डरला तर तो कधीच माफ करणार नाही. लांबी-रुंदी सारखी, म्हणजे दोन्हीकडचा फुगवटा एकाच सुरावर!

मोजणीच्या वेळी घरात संचारबंदी. पंखा बंद, मिक्सर बंद. कुकरची शिट्टी सबवूफरच्या सुरांपेक्षा कितीतरी वरची, तिने काही बिघडत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी मोजणी पुन्हा.

यंत्राच्या आधी सबवूफरची जागा ठरवावी म्हणतात, आणि त्याची रीत खरोखरच अशी आहे: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत बेस कुठे एकसारखा लागतो ते शोधायचं. भर दुपारी बर्म्युडावर कोपरे हुंगणाऱ्या साहेबांना कामाच्या मावशी विचारतात, ‘काय सांडलंय का?’ शेवटी सर्वोत्तम जागा निघते ती नेमकी देव्हाऱ्याची. तिथे कुठल्याच कंपनीची दुरुस्ती चालत नाही.

मग सबवूफर टीव्हीशेजारी, सोफा खोलीच्या बरोबर मध्ये. आणि मध्येच तर गोची आहे: तिथे सरळ आलेली आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खाऊन टाकतात. फुगवटा यंत्राला कापता येतो, हा खड्डा भरता येत नाही. जेवढा जोर लावाल तेवढ्याच जोराने परतीची लाट येते. शिवाय 10 डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरला दसपट ताकद लागते. शहाणं यंत्र म्हणून खड्ड्याच्या वाटेला जात नाही. साधक जातो. परिणामी सोफ्यावर त्याला काही ऐकू येत नाही आणि भिंतीला टेकून पोथी वाचणाऱ्या सासूबाईंचा चष्मा थरथरतो. खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, ‘अहो, जरा आवाज...’

‘कुठला आवाज?’ हा अगदी मनापासून विचारतो.

सोफा दीड-दोन फूट मागे घेतला तर बरंच भागेल. मुलीने तसं सुचवलं होतं. पण त्यात अ‍ॅप नव्हतं, त्यामुळे सूचना बाद झाली.

असं करता करता फोनवरची रेषा एकदाची सपाट दिसते (ग्राफची पट्टी बदलली की कुठलीही रेषा सपाट दिसते, पण त्याच्या आनंदात विष कशाला कालवा?) आणि आपल्याला जेवायला बोलावणं येतं. आपण भोळेपणाने भीमसेनजींचा अभंग लावा म्हणतो.

‘त्यात 30 हर्ट्झला काय आहे?’

काहीच नसतं. तो इंग्रजी सिनेमातला भूकंप शोधायला लागतो. सासूबाई चष्मा काढून डबीत ठेवतात.