शंभर अपराधांची सोय

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिच्यापाठोपाठ एक टिपण येतं. वरच्या निम्म्यात नवं काय केलं आणि जुनं काय सुधारलं याची वर्णनं असतात. ती वाचावीत आणि विसरावीत. खरी गोडी तळाशी, मर्यादांच्या यादीत. हे आम्हाला जमत नाही, ते आपोआप होणार नाही, अमुक जातीची फाइल आम्ही उचलत नाही, तमुक तुमचं तुम्ही बघा. एरवी जाहिरातीत ज्यांना आकाश ठेंगणं असतं, त्याच कंपन्या इथे इतक्या खालच्या पट्टीत बोलतात की वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. हा भाग मी संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर सवडीने वाचतो. आमच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे या वाचनाला कुणी रिकामटेकडेपणा म्हणत नाही.

सध्या हाताशी आहे ते अझूर फाइल सिंक. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली ते चाचणीसाठी दिलं आणि २०१८ च्या जुलैत रीतसर बाजारात आणलं. काम सांगायला सोपं: दोन गावांतल्या दोन सर्व्हरांवर एकच फोल्डर नांदवायचं. इकडे कुणी फाइल बदलली की ती वर जाते, वरून तिकडे उतरते. आमची एक कचेरी पुण्यात, दुसरी नागपुरात, आणि ‘वर’ म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर. कंपनीने २०१५ मध्ये भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई अशा तीन ठिकाणी केंद्रं सुरू केली. आमच्या फाइली राहतात त्या पुण्याच्या केंद्राला त्यांनी नाव दिलंय ‘सेंट्रल इंडिया’, म्हणजे मध्य भारत. हे कळल्यापासून आमच्या नागपूर कचेरीतले भाऊ दुखावलेले आहेत. झिरो माइलचा खांब त्यांच्या गावात चार घोड्यांसह उभा, आणि मध्याचा मान मात्र पुण्याला! ‘भारताचा मध्य पुण्याले कधी गेला जी?’ असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मी काय उत्तर देणार? पुण्यात राहणाऱ्या कुणालाही त्या नावाचं फारसं नवल वाटलं नव्हतं, हेही त्यांना सांगता येईना.

मला या सॉफ्टवेअरची भुरळ पडली ती त्याच्या एका वेगळ्याच चालीने. सर्व्हरच्या डिस्कवर जागा कमी पडू लागली की ते जुन्या फाइलींचा मजकूर हळूच खालून काढून घेतं. वर प्रत असतेच. खाली उरतं ते फक्त नाव. फोल्डर उघडावं तर सगळं जागच्या जागी. नाव तेच, तारीख तीच. आयकॉन थोडा फिकट, आणि गुणधर्मांच्या रकान्यात ‘ओ’ धरून काही अक्षरं जास्तीची. पण राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहाव्यात तर तिथे एकाखाली एक दोन ओळी: आकार १८ एमबी, डिस्कवरचा आकार ० बाइट. वेदान्ताच्या अभ्यासकांनी या दोन ओळींवर एक व्याख्यानमाला सहज रंगवली असती. मला हुंडी आठवली. कागदावर रक्कम लिहिलेली, पैसा दूरच्या गावी दुसऱ्याच पेढीच्या तिजोरीत, आणि दर्शनी हुंडी असेल तर दाखवताक्षणी रोकडा हातात. फिकट फाइलवर दोनदा क्लिक केलं की हेच होतं. एखादा क्षण काहीच हलत नाही. मग मजकूर धावत येतो, आणि उघडणाऱ्याला कळतही नाही की आत्तापर्यंत तो इथे नव्हता. इंटरनेट गेलेलं असेल त्या दिवशी मात्र कळतं. त्या दिवशी पेढी कागदांनी भरलेली आणि गल्ल्यात दमडी नाही.

कोण खाली राहणार आणि कोण वर जाणार, हे उबेवर ठरतं. अलीकडे हात लागलेली फाइल उबदार, बरेच दिवस कुणी न विचारलेली गार. डिस्कचा २० टक्के भाग मोकळा ठेवावा असा सर्वसाधारण दंडक आहे. तो मोडायला लागला की सगळ्यात गार फाइल आधी निघते. अगदी चिमुकल्या फाइलींना तेवढी सूट, त्यांना हलवून जागा ती काय मिळणार! माझे एक मामा तहसील कचेरीत रेकॉर्डकीपर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जात असे. खोलीत छतापर्यंत रुमालात बांधलेले गठ्ठे, वाळवीच्या औषधाचा वास, आणि मधोमध एका डुगडुगत्या टेबलाशी मामा. तिथल्या कागदांना चार वर्ग होते, अ, ब, क आणि ड. अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, आणि ड म्हणजे वर्षभर मुक्काम करून निरोप घेणारे. एकेक कागद हातात घेऊन मामा चष्मा कपाळावर चढवत, नाकाजवळ धरून दोन ओळी वाचत आणि निवाडा देत. हा कागद उद्या कुणाला लागेल, एवढाच त्यांचा प्रश्न असे. सॉफ्टवेअर विचारतं, काल याला कोणी उघडलं होतं? त्यामुळे आमच्या सर्व्हरवर डबेवाल्याच्या हिशेबाची फाइल बारमाही गरमागरम, आणि कचेरीच्या जागेचं खरेदीखत गारठून केव्हाच वर गेलेलं. मामांनी ही वर्गवारी पाहिली असती तर त्या दिवशी त्यांना डबा गेला नसता.

पण मामांच्या रीतीत जे निसटलं असतं ते इथे टिकतं, हेही खरं. आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. सर्व्हरवर त्यांचं ‘किरकोळ’ नावाचं एक फोल्डर आहे, आतल्या सगळ्या फाइली फिकट. मामांनी त्या ‘ड’मध्ये टाकून रद्दीत दिल्या असत्या, आणि नियमाने ते बरोबरच ठरलं असतं. मी एक फाइल उघडली. सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेलं पत्र होतं: पावसाळा तोंडावर आला असून गच्चीची डागडुजी करून मिळावी, ही विनंती. दुसरी उघडली. तीच विनंती, त्याच्या पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली. तिसरीही तीच, फक्त ‘विनंती’च्या जागी ‘नम्र विनंती’. दर उन्हाळ्यात हा माणूस बसून तेच पत्र नव्याने टाइप करत होता आणि नव्या तारखेने नोंदवून ठेवत होता. गच्ची अजून गळते. मी उघडल्यामुळे ती पत्रं मात्र उबदार झाली आणि काही दिवस डिस्कवर राहिली. त्यांना जागा द्यायला दुसरं काय वर गेलं असेल, ते मी पाहिलं नाही.

अशा फाइलींचा सगळ्यात मोठा वैरी व्हायरस नव्हे, अँटिव्हायरस. त्या जास्तीच्या अक्षरांची खूण न समजणारा एखादा पहारेकरी रात्री गस्तीला निघाला, तर प्रत्येक फिकट फाइलचं दार ठोठावतो. ती बिचारी वरून सगळा मजकूर घेऊन खाली येते, आपण निर्दोष आहोत हे दाखवते, आणि सकाळपर्यंत डिस्क गच्च. म्हणून कागदपत्रांत सूचना आहे की ती खूण ओळखणाराच पहारेकरी नेमावा.

दुसरी मर्यादा मला विशेष आवडते. सर्व्हरवर काही बदललं तर सॉफ्टवेअरला लगेच समजतं, कारण विंडोजची एनटीएफएस ही फाइल व्यवस्था बदलांची रोजनिशी लिहीत असते. वरच्या फोल्डरला अशी रोजनिशी नाही. कुणी थेट वर जाऊन एखादी फाइल ठेवली, तर खाली कुणाला पत्ता लागत नाही. त्यासाठी २४ तासांतून एकदा एक फेरी निघते आणि वर काय नवं-जुनं झालं ते बघून येते. प्रकाशाच्या वेगाच्या गप्पा मारणाऱ्या या धंद्यात दिवसाकाठी एक फेरी! घाई असलेल्यांसाठी फेरी आत्ताच काढायला लावणारी कमांड आहे. मी ती जपून वापरतो. तरुण सहकाऱ्याला ‘उद्या येईल’ असं सांगण्याची संधी या कचेरीत फार थोड्यांना मिळते.

सर्व्हरवर बसून हे सगळं करणाऱ्या कारभाऱ्याला एजंट म्हणतात, आणि एजंटाचं आयुष्य ठरलेलं. प्रत्येक आवृत्ती कधी बाद होणार ती तारीख आधीच जाहीर होते. तसं सांगून ठेवलं असेल, तर ती टळण्याच्या २१ दिवस आधीपासून तो आठवड्यातून एकदा, नेमलेल्या वेळी, स्वतःला बदलून घेण्याचा प्रयत्न करतो. जमलं नाही आणि तारीख उलटली, की सिंक बंद. फाइली जागच्या जागी, सर्व्हर धडधाकट, पण इकडचं तिकडे काही जात नाही. माणसांचे संबंध तुटतात तेव्हा तारीख अशी आधी जाहीर होत नाही. त्या मानाने हा शिष्टाचार बराच वरचा म्हणायचा.

आणि आता ती यादी, जिच्यासाठी मी टिपणाच्या तळापर्यंत जातो: काय उचललं जात नाही. थम्ब्स.डीबी नाही, डेस्कटॉप.आयएनआय नाही, टीएमपी शेपटीच्या तात्पुरत्या फाइली नाहीत, आणि नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ व डॉलर असलेल्या त्या अदृश्य फाइलीही नाहीत. या शेवटच्या फाइली वर्ड आणि एक्सेल तयार करतात. तुम्ही अहवाल उघडला की शेजारी ही इवलीशी फाइल जन्मते, तुमचं नाव पोटात धरून बसते आणि अहवाल बंद होताच मरते. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमालच तो: इथे कुणीतरी बसलंय. सॉफ्टवेअरच्या हिशेबी हा कचरा, आणि कचरा पुण्याहून नागपूरला कशाला वाहून न्यायचा? तर्क बिनतोड आहे. फाइल इथे उघडली म्हणून तिकडे तिला कुलूप लागावं, अशी सोयही त्यात नाही. परिणामी नागपूरच्या भाऊंना सीट रिकामी दिसते.

मग दोघंही बसतात. भाऊ साडेपाचला जतन करतात. पुण्याच्या लेखा विभागातल्या बाईंच्या पडद्यावर तोच अहवाल सकाळपासून उघडा असतो, त्यामुळे भाऊंचा बदल दाराशी ताटकळतो. बाई सहाला निघताना जतन करतात, आणि भांडण उभं राहतं. या भांडणात सॉफ्टवेअर जो निवाडा करतं तो न्यायालयांनी अभ्यासावा असा आहे: कुणाचं बरोबर हे ते बघतच नाही. दोन्ही प्रती ठेवतं. ज्याने नंतर जतन केलं त्याच्याकडे मूळ नाव, आधीच्याच्या नावाला त्याच्या सर्व्हरचं शेपूट. त्यामुळे ‘वार्षिक अहवाल’ पुण्याचा आणि ‘वार्षिक अहवाल-नागपूर’ भाऊंचा, पुढच्या खेपेला ‘वार्षिक अहवाल-नागपूर-१’. मध्यही पुण्याला आणि नावही पुण्याला, हे त्यांना किती लागलं असेल ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. एका फाइलमागे अशा भांडणाच्या १०० प्रती चालतात. शिशुपालालाही तेवढेच अपराध माफ होते. तिथे पुढे सुदर्शन सुटलं. इथे तसलं काही नाही, शंभर भरले की ती फाइल सिंक व्हायची थांबते, जुन्या प्रती आवरून संख्या खाली आणेपर्यंत. आम्ही अजून अकराव्या अपराधावर आहोत.

तिथेच थांबलो, त्याचं श्रेय कुठल्याही आवृत्तीला नाही. बाई आता अहवाल उघडण्याआधी नागपूरला फोन करतात. सुरुवातीला तो ‘मी उघडतेय हं’ एवढाच असे. मग उन्हाळा आला आणि पारा कितीवर गेला ही चौकशी वाढली. नंतर संत्री, नंतर भाऊंच्या मुलीची बारावी, बाईंच्या सासूबाईंचा गुडघा. हल्ली अहवालाचं काम पाऊण तास असेल तर फोन अर्धा तास चालतो, आणि अहवाल त्या वेळात कुणीच उघडलेला नसतो. परवा नव्या आवृत्तीचं टिपण आलं तेव्हा बाईंनी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, ‘अहो, त्या कुलपाची सोय आली का हो यात?’

‘नाही आली.’

‘बरं,’ म्हणाल्या, आणि फोनकडे वळल्या. ‘भाऊ, मी बसू का? की तुम्ही आहात?’

‘मी बसूनच राहिलो ना जी,’ पलीकडून ऐकू आलं. ‘पण तुम्ही बोला.’