वारंवार कोसळणाऱ्या गेमिंग संगणकास कारणे दाखवा नोटीस

प्रति,
गेमिंग संगणक (असेंबल्ड),
टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून.

विषय : खेळ ऐन रंगात असताना विनापरवानगी कामावरून निघून जाण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, 'कोसळणे' हा एकच शब्द सदर संगणकाच्या चार निरनिराळ्या गैरवर्तनांसाठी वापरला जात असून, त्यांपैकी कोणते घडले हे ठरविल्याशिवाय चौकशी पुढे सरकत नाही. खेळ तेवढा बंद पडून डेस्कटॉप समोर येणे, हे पहिले. चित्र गोठून आवाज एकाच ठेक्यावर घरघरत राहणे, हे दुसरे. निळा पडदा हे तिसरे. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ११मध्ये तो काळा केला, म्हणजे गुन्हा तोच ठेवून गणवेश बदलला. आणि चौथे, अवाक्षर न काढता संपूर्ण यंत्रच विझणे. पहिल्याचे मूळ बहुधा खेळाच्या फायलींत किंवा ड्रायव्हरमध्ये सापडते, चौथ्याचे विजेत किंवा उष्णतेत. मधले दोन कोणाच्याही नावावर निघू शकतात.

घटनेनंतर सदर संगणक जो जबाब देतो तो जपून वाचावा लागतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल-पॉवर, ४१' अशी नोंद लाल चिन्हासह सापडते आणि त्यातला 'पॉवर' हा शब्द दिसताच कित्येक मालक नवा एसएमपीएस मागवून मोकळे होतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. पंचनाम्यात 'इसम जागीच मृत आढळला' असे लिहावे आणि त्यालाच मृत्यूचे कारण समजावे, तसला हा प्रकार. कामाच्या नोंदी तिच्या आगेमागे असतात. 'व्हीया-लॉगर' या नावाची नोंद म्हणजे एखाद्या भागाने, बऱ्याचदा प्रोसेसरने, दिलेला कबुलीजबाब. ४१०१ क्रमांकाची नोंद सांगते की ग्राफिक्स ड्रायव्हर उत्तर देईनासा झाला होता आणि विंडोजने त्याला पुन्हा उभे केले. त्या उत्तरासाठी विंडोज मुळात दोनच सेकंद थांबते. हा नियम कचेऱ्यांना लावला तर दुपारपर्यंत एकही खिडकी उघडी राहणार नाही. निळ्या पडद्यामागे राहिलेल्या मिनीडंप फायलींत दर वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर त्याच्यावर आरोप ठेवता येतो. दर वेळी नवे नाव येत असेल तर ती नावे सोडून रॅमकडे वळावे.

उष्णतेबाबत सदर संगणकाची बाजू काही अंशी ऐकून घेण्यासारखी आहे. कॅबिनेटची पाठ भिंतीला टेकलेली, पुढच्या जाळीवर धुळीची लोकर आणि खोलीत विदर्भातला मे महिना, अशा स्थितीत पंख्यांनी तरी काय करावे? पंख्याचा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. खोली १३ अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच वर सरकतात. मात्र हल्लीचे प्रोसेसर उष्णतेने एकदम मरत नाहीत. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांवर आणि इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात. तेव्हा खेळ आधी अडखळू लागला आणि मग यंत्र बंद पडले तर उष्णता. अडखळण्याचे चिन्ह नसताना विझले तर संशय दुसरीकडे न्यावा. नव्या असेंबल केलेल्या यंत्रात कूलर एकदा उतरवून पाहणे वाया जात नाही. बुडाची पारदर्शक फिल्म, तीवर 'बसविण्यापूर्वी काढावी' अशी सूचना ठळक छापलेली असूनही, थर्मल पेस्टसकट जागच्या जागी आढळते.

विजेच्या प्रकरणात खरा आरोपी बऱ्याचदा कॅबिनेटबाहेर बसलेला असतो. घरोघरी टेबलाखाली असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळाच्या वेळी सदर संगणक ४५०-५०० वॅट मागत असेल, तर वीज जाताच यूपीएस किंचाळतो आणि दोघे एकदम बसतात. स्वस्त यूपीएस बॅटरीवर देतो ती पायरीपायरीची लहरही काही एसएमपीएसना मानवत नाही. यूपीएस बाजूला करून, अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटवर थेट चालवून पाहणे ही या कलमाखालील सर्वांत स्वस्त चाचणी होय.

एसएमपीएसवर छापलेला आकडा हा ताण सहन करण्याचा पूर्ण दाखला नव्हे. ग्राफिक्स कार्डे सेकंदाच्या अत्यल्प भागापुरती सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात आणि जुन्या बांधणीचा एसएमपीएस त्याला अतिभार समजून स्वतःला बंद करून घेतो. म्हणूनच २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात, १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलण्याची अट आली. कार्डाला दोन सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन तोंडे न जोडता दोन स्वतंत्र केबली ओढाव्यात. नव्या १६ पिनी जोडणीत प्लग तळापर्यंत बसला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. २०२२ साली आरटीएक्स ४०९०चे प्लग वितळल्याच्या ज्या तक्रारी गाजल्या, त्यांत अर्धवट बसलेला प्लग हे कारण पुढे आले होते.

रॅमबाबत दुकानातला उपाय सर्वांना ठाऊक आहे: पट्टी काढायची, सोनेरी पिनांवर खोडरबर फिरवायचे, पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायची. हा उपाय अडाणी म्हणून हिणवला जातो, पण पिनांवर काट चढला असेल तर लागू पडतो. तो लागू पडला नाही तर बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून पाहावे. खोक्यावर छापलेला वेग हा पुष्कळदा एक्सएमपीचा, म्हणजे ओव्हरक्लॉकचाच असतो. मूळ मानकाच्या वेगावर यंत्र शांत राहिले तर जखमेची जागा सापडली. मग मेमटेस्ट रात्रभर चालवावी आणि चूक दाखवली तर एकेक पट्टी वेगळी तपासावी. येथे उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के पुरत नाहीत. एकही चूक म्हणजे नापास.

ग्राफिक्स ड्रायव्हरबाबत फार बोलण्यासारखे नाही. जुना सेफ मोडमध्ये जाऊन मुळासकट काढावा, नवा टाकावा, आणि नव्यावरच त्रास सुरू झाला असेल तर त्याच्या आधीचा टाकावा.

यापुढील बाब गंभीर आहे, कारण तीत खोटी साक्ष दिली गेली. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अनुक्रमे २०२२ आणि २०२३च्या ऑक्टोबरात आले. पुढे अनरिअल इंजिनवर बांधलेले खेळ सुरू होतानाच बंद पडू लागले आणि पडद्यावर निरोप येई, की व्हिडिओ मेमरी संपली. चोवीस जीबीची कार्डे लावलेल्यांनाही हाच निरोप! साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डाला धरून बसले. प्रत्यक्षात खेळ उघडताना शेडरची आवळून ठेवलेली माहिती सोडवण्याचे काम प्रोसेसर करतो. तो ते करताना हिशेब चुकवत होता आणि त्या बिघडलेल्या माहितीपायी भलत्याच्याच नावाने बोंब होत होती. जुलै २०२४मध्ये इंटेलने जाहीर केले, की सदोष मायक्रोकोडमुळे हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये ती मागणी १.५५ व्होल्टवर रोखणारा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून आला आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. अपडेटने पुढची झीज रोखता येते. आधीच झिजलेला प्रोसेसर तिने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. सबब, सदर संगणकात या पिढ्यांचा प्रोसेसर असल्यास बायोसची तारीख आधी पाहावी, ग्राफिक्स कार्डाला पिंजऱ्यात नंतर उभे करावे.

चौकशी करणाऱ्यांचे वर्तनही या निमित्ताने नोंदविणे भाग आहे. 'फॉरमॅट मारू, होऊन जाईल' हा दुकानातला निकाल पुरावा वाचण्याआधीच लागतो. घरी त्याच्या उलट टोकाची घाई असते: एका संध्याकाळी ड्रायव्हर बदलला, रॅम हलवली, बायोस चढवला, कॅबिनेटही झाडले. संगणक चालू लागला, पण कशाने, हे कोणालाच सांगता येईना. आठवड्याने तो पुन्हा कोसळला तेव्हा सगळे पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वहीत तारीख घालून लिहावी, आणि जो खेळ हमखास पाडतो तोच तासभर चालवून पाहावा.

सदर संगणकाने आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा. तो समाधानकारक न वाटल्यास सुटे भाग वॉरंटीत पाठविण्यात येतील. मालकास मात्र आजच कळविण्यात येते, की बऱ्याच दुकानांतले बिल थर्मल कागदावर छापलेले असते आणि संगणकाच्या आधी तेच उष्णतेने कोरे पडते. त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.