आंबेनळीच्या उतारावर दोन पॅड

जुलैत महाबळेश्वरला जाणारे लोक दोनच प्रकारचे: हॉटेल स्वस्तात हवं असणारे, आणि आमचे मित्र. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस खाणाऱ्या या गावातून आंबेनळी घाटाने सायकलवर पोलादपूरला उतरायचं आणि डिस्कब्रेकचं कोणतं पॅड जास्त धरतं, कोणतं कमी झिजतं, याचा निकाल लावायचा, हा त्यांचा बेत. मला रेझिनचे पॅड. त्यांना सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले. ते वजनाने माझ्या दीडपट आहेत, मग तुलना कसली, हा आक्षेप त्यांनी "शास्त्रात एवढं चालतं" म्हणून उडवून लावला.

नवे पॅड आधी डिस्कवर बसवावे लागतात. वेग घ्यायचा, चाक लॉक न करता ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा. वेण्णा तलावाच्या रस्त्यावर आमचा हा उद्योग चालला असताना एका घोडेवाल्याने विचारलं, "साहेब, काही पडलंय का?" थोड्या वेळाने त्याने घोडाच लांब नेऊन बांधला.

घाट लागला. रेझिन मऊ, गार असतानाही चटकन पकडतं, तेही निमूटपणे. सिंटर्डला आधी ऊब लागते. पहिल्या वळणांवर मित्र ओरडत होते आणि त्यांचा ब्रेक त्यांच्याहून वरच्या पट्टीत. कठड्यावरची माकडं उठून गेली.

कुंभरोशीला चहासाठी टेकलो, तर पंक्चरच्या दुकानातला पोरगा तेलाची कुपी घेऊन हजर. "आवाज करतंय म्हंजे तेल मागतंय!" मित्रांच्या त्या देहाने एवढी लांब उडी मारलेली मी प्रथमच पाहिली. डिस्कवर तेल पडलं की पॅड ते पिऊन टाकतं आणि मग बहुधा फेकूनच द्यावं लागतं. पोरगा मात्र दुखावला.

पुढे पारडं फिरलं. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा. १,३०० मीटर उतरताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत चार लिटर पाण्याला आधण येईल. वारा आणि टायर थोडा वाटा उचलतात, पाऊसही डिस्क निववतो. उरलेला ताप नखाएवढ्या पॅडांच्या माथी. रेझिनमधली राळ त्या तापाने हार मानते. त्यात वरून वाहत आलेला जांभ्याचा लाल चिखल! माझे पॅड खडूसारखे झिजत होते. मित्र आता गप्प होते, आणि हवं तिथे थांबतही होते.

पोलादपूरला व्हर्नियर निघाला. पॅडवरचा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदलायचं. माझे त्या उंबरठ्यावर, त्यांचे जेमतेम खरचटलेले. पुण्यातल्या कोरड्या टेकड्यांवर मी रेझिनच वापरेन, पण पावसाळी घाटात तो गोंगाटच बरा. तसं जाहीर करून मी सिंटर्ड घ्यायचं ठरवलं, तेव्हा मित्रांनी माझ्या स्वस्तातल्या डिस्कवर कोरलेली अक्षरं मोठ्याने वाचली: ‘रेझिन पॅड ओन्ली’. धातूचं पॅड अशा मऊ पोलादाच्या डिस्कलाच खातं. म्हणजे पॅडांआधी डिस्क घेणं आलं.

राहता राहिला परतीचा चढ. त्यासाठी कोणतं पॅड चांगलं, असं मी विचारलं. पण मित्र एसटीच्या टपावर सायकली घेतात का, याची चौकशी करायला केव्हाच निघून गेले होते.