रोखे येऊन राह्यले!

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याला नगरपालिका मिळाली 1867 साली. म्हणजे काँग्रेस जन्माला यायच्या अठरा वर्षं आधी आणि भाजप जन्माला यायच्या एकशेतेरा वर्षं आधी. दोन्ही पक्ष नसताना इथले लोक सभेत भांडायचे तरी कशावरून, हा इतिहास संशोधकांचा विषय आहे. हातमागांचे दिवस होते, तेव्हा सुताच्या भावावरून भांडत असतील. पुढे गुमगावची खाण आली, तेव्हा मँगनीजवरून. आता मात्र विषय ठरलेला आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या माजी अध्यक्षांनी, म्हणजे सुनील केदारांनी, मागे ठेवलं काय, वारसा की वसुली?

अमेरिकेत नेत्यांचा हिशेब झटपट उरकतात. निक्सनसाहेब वॉटरगेटपायी ऑगस्ट 1974 मध्ये पायउतार झाले आणि महिनाभरात नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफही करून टाकलं. आपल्याकडे असा उथळपणा नाही. बँकेचं प्रकरण 2002 सालचं आणि निकाल 22 डिसेंबर 2023 चा. सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा आणि साडेबारा लाखांचा दंड झाला, सोबत आणखी पाच जण दोषी ठरले, तिघे सुटले. शिक्षा दोन वर्षांहून जास्त, त्यामुळे आमदारकी गेली. केदारांनी अपील केलं, जानेवारीत उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि तुरुंगाबाहेर समर्थकांनी मिरवणूक काढली. मधल्या एकवीस वर्षांत सावनेर मतदारसंघाने, म्हणजे खाप्यानेही, त्यांना 2004, 2009, 2014 आणि 2019 असं चार वेळा निवडून दिलं होतं. न्यायालय तारखा देत होतं, मतदार निकाल देत होते.

खाप्याच्या पानठेल्यावर हा खटला अजून चालतो. इथे वकील फुकट मिळतात आणि सगळेच सरकारी असतात. फक्त कोणत्या सरकारचे, ते विचारून घ्यावं लागतं.

"साहेबानं एक रुपया घरी नेला का? दाखवा ना."

"घरी नाही नेला म्हणता, बरं. मग गेला कुठं? बँकेत तर नाही ना दिसून राह्यला."

"दलालानं खाल्ला."

"अन् दलालाले पानावर कोणी बसवलं, बाप्पा?"

यानंतर दोन्ही बाजू पान तोंडात सारतात आणि पाच मिनिटं लोकशाहीला विश्रांती मिळते.

प्रकरण काय होतं, हे सांगणारा माणूस त्या ठेल्यावर क्वचितच सापडतो. ते समजलं की वाद संपतो आणि संध्याकाळ मोकळी पडते. तरी सांगतो. बँकेजवळ शेतकऱ्यांचा पैसा होता, त्यातून सरकारी रोखे घ्यायचे होते. सरकारी रोखे म्हणजे गुंतवणुकीतला सगळ्यात सोवळा प्रकार, त्यात पैसा बुडवायला प्रतिभाच लागते. बँकेने दलाल कंपन्यांना पैसे दिले. कंपन्यांनी पैसे घेतले. रोखे तेवढे आले नाहीत, आणि पैसेही परत आले नाहीत. दीडशे कोटींच्या आसपासचा हा व्यवहार कागदावर अगदी चोख होता, कारण कागदाखेरीज त्यात दुसरं काहीच नव्हतं.

दलालांमधली सगळ्यात झगमगीत कंपनी होम ट्रेड. तिच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन. त्या काळात जाहिरात पाहणाऱ्या माणसाला कंपनी नेमकं विकते काय, हे काही केल्या कळायचं नाही. बँकेलाही कळलं नसावं. पण तिने घेऊन टाकलं. एकट्या नागपूरला दोष कशाला द्यायचा? वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही त्याच रांगेत होत्या. सहकार म्हणतात तो हाच.

आता वारशाकडे येऊ. माझं निरीक्षण असं, की सावनेर भागात वारशाचा व्यवहारही त्या रोख्यांच्याच पद्धतीने चालतो. ताबा कोणाकडेच नसतो, सौदापावती सगळ्यांकडे असते.

भाजपवाल्यांची पावती म्हणते, आम्ही पहिल्यापासून विरोधात. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे मात्र विचारायचं नाही. 1995 साली केदार अपक्ष निवडून आले, तेव्हा मनोहर जोशींच्या शिवसेना-भाजप युती सरकारात राज्यमंत्री झाले होते. ते वर्ष या पंचांगात क्षयतिथी आहे. काँग्रेसवाल्यांची पावती म्हणते, हा सगळा राजकीय सूड. गुन्हा दाखल झाला तेव्हा मुंबईत विलासराव देशमुखांचं, म्हणजे काँग्रेस आघाडीचंच सरकार होतं. त्यांच्याकडे ते वर्ष क्षयतिथी आहे. दोन्ही पंचांगं एकत्र छापली, तर पावसाळ्याआधीच दिवाळी येईल.

सध्याचे आमदार आशीष देशमुख यांचा प्रवास पाहा. 2009 मध्ये सावनेरला भाजपकडून केदारांविरुद्ध लढले आणि थोडक्यात पडले. 2014 मध्ये काटोलला गेले आणि भाजपकडूनच काकांना, अनिल देशमुखांना, पाडलं. 2018 मध्ये आमदारकीचा राजीनामा दिला. 2019 मध्ये काँग्रेसकडून थेट देवेंद्र फडणवीसांसमोर उभे राहिले. 2023 मध्ये काँग्रेसने काढलं, भाजपने घेतलं. 2024 मध्ये पुन्हा सावनेर, समोर केदारांच्या पत्नी अनुजा केदार, आणि या वेळी विजय. नागपूर-सावनेर बसच्या कंडक्टरलाही थांब्यांची नावं इतकी पाठ नसतील. वडील रणजित देशमुख प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होऊन गेलेले. त्यामुळे इथे "घराणेशाही संपवा" ही घोषणा कोणत्याही सभेत देता येते. व्यासपीठावरचे सगळेच मनापासून टाळ्या वाजवतात.

उगाच एकट्या सावनेरवर घसरायला नको. वारसा फिरवण्याची विद्या नागपूरच्या पाण्यातच आहे. 7 जून 2018 च्या संध्याकाळी माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी रेशीमबागेत संघाच्या कार्यक्रमाला गेले. सकाळपर्यंत ते काँग्रेसचे भीष्माचार्य होते. रात्री टीव्हीवर काँग्रेसवाले त्यांच्या भाषणातला नेहरू शोधत होते आणि संघवाले त्यांनी अभ्यागतांच्या वहीत हेडगेवारांविषयी लिहिलेली ओळ वाचून दाखवत होते. मुलगी शर्मिष्ठा यांनी आदल्या दिवशीच इशारा दिला होता, की भाषण विसरलं जाईल आणि छायाचित्रं उरतील. पुढल्या वर्षी भारतरत्न मिळालं. आख्खा राष्ट्रपती एका संध्याकाळी इकडचा तिकडे होतो, तिथे बँकेच्या अध्यक्षाची काय कथा!

या सगळ्या गडबडीत ज्याचा पैसा होता, तो माणूस पानठेल्यावर नसतो. तो संत्र्याच्या नाहीतर कपाशीच्या वावरात असतो. 2012 च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला बंदी केली. मे महिना म्हणजे बियाण्याची आणि पीककर्जाची वेळ, आणि ठेवी आटल्या की कर्जही आटतं. बँकेच्या दारातून परतलेल्या माणसाला सावकाराचं दार दाखवायला कोणत्याच पक्षाचा कार्यकर्ता लागत नाही, ते त्याला पाठ असतं. पुढे सरकारने तिजोरीतून पैसे ओतून या बँका उभ्या केल्या. म्हणजे शेतकऱ्याचे बुडालेले पैसे जनतेच्या पैशांतून जनतेला परत मिळाले, आणि दोन्ही पक्षांनी या उपकाराबद्दल जनतेचे आभार मानून घेतले.

सहकार कायद्याच्या कलम 88 खाली वसुलीची चौकशीही झाली. वसुलीचा आकडा विरोधक व्याज धरून सांगतात, समर्थक व्याज सोडून सांगतात, आणि मुद्दल कोणीच सांगत नाही. 2002 साली बँकेत रोख्यांची चौकशी करणाऱ्याला जे उत्तर मिळालं असेल, तेच आज वसुलीची चौकशी करणाऱ्याला मिळतं: "येऊन राह्यले, भाऊ, थांबा जरा."

तेव्हा खापा नगरपरिषदेला माझी एक सूचना आहे. गावात एक "रोखे चौक" करावा. मधोमध चांगला काळ्या दगडाचा चबुतरा बांधावा आणि त्यावर काहीही ठेवू नये. 22 डिसेंबरला एका पक्षाने तिथे न्यायाचा विजय साजरा करावा, जानेवारीत दुसऱ्याने सुटकेचा. हार घालायला गळा नाही, त्यामुळे पुतळ्याच्या विटंबनेचा प्रश्न येत नाही आणि पोलिसांचा बंदोबस्तही वाचतो. पक्ष बदलला म्हणून पुतळा हलवायची कटकट नाही. फलकावर नाव कोणाचं, यावरून एक ठराव, एक स्थगन आणि एक न्यायालयीन याचिका सहज निघेल.

अडचण एकच दिसते. 2014 मध्ये याच सावनेरात भाजपच्या उमेदवाराचा अर्ज सरकारी कंत्राटाच्या मुद्द्यावर बाद झाला होता. नगरसेवकालाही स्वतःच्या पालिकेच्या कंत्राटात वाटा चालत नाही. म्हणजे चबुतऱ्याचं काम घेणाऱ्याला निवडणुकीवर पाणी सोडावं लागणार. असा माणूस मी खाप्यात शोधून पाहिला. ठेल्यावरचे सगळे म्हणाले, दगड आणून देतो, टेंडर मात्र दुसऱ्या वॉर्डातल्याच्या नावानं काढा.