मामाच्या गावाचा व्हिसा

मामाकडे जायला पूर्वी काय लागायचं? वार्षिक परीक्षा संपलेली असायला लागायची, बस्स. निकाल हाती पडायच्या आत गाव सोडावं, ही अक्कल पोरांना उपजतच असायची. यष्टीच्या खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायची, कंडक्टरला ‘ह्याला साताऱ्याच्या स्टँडवर उतरवा’ एवढं बजावायचं आणि पोर रवाना. गावात शिरताना पारावरचा एखादा म्हातारा विचारायचा, ‘कुणाचा रं तू?’ आईच्या माहेरचं आडनाव सांगितलं की म्हातारा मान डोलवायचा. झालं इमिग्रेशन.

माझा भाचा न्यू जर्सीत जन्मला. यंदा तो अठराचा झाला आणि प्रथमच एकटा मामाकडे यायला निघाला. तो निघायच्या कितीतरी आधीपासून त्याची आई रोज फोनवर. पोरगा विमानात नीट जेवेल का, हा प्रश्न तिला पडलाच नाही. तिचा प्रश्न एकच: ‘दादा, तो ड्युअल आहे ना, मग मुंबईला नक्की कुठल्या रांगेत उभा राहील?’

मी साताऱ्यात राहतो. रांगांचा अनुभव मला आहे, पण तो रॉकेलच्या आणि गॅसच्या. तरीही मामा म्हणून जबाबदारी आलीच, तेव्हा सगळं वाचून काढलं आणि पहिल्यांदा बहिणीला सांगितलं की बाई, ड्युअल हा शब्द तोंडातून काढू नकोस. आपल्याकडे तसं काही नसतं. राज्यघटनेचं नववं कलमच सांगतं की जो आपखुशीने परक्या देशाचा नागरिक झाला, तो भारताचा नागरिक राहत नाही. १९५५ चा नागरिकत्व कायदा त्याचीच री ओढतो. तू तिकडे हात वर करून शपथ घेतलीस त्या क्षणी इकडून गेलीस. तुझा पासपोर्ट तुला परत मिळाला तो ‘रद्द’चा शिक्का मारून आणि कोपरा कापून. पोराचं तर त्याहून सोपं. तो इकडचा कधी नव्हताच. त्याच्याकडे पासपोर्ट एकच, अमेरिकेचा, आणि जोडीला ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, असं कार्ड. त्यावर सिटिझन असा शब्द छापलेला आहे खरा, पण तो वाचून हुरळून जायचं नसतं.

बहिणीला हे लागलं. ‘मग पावणेतीनशे डॉलर भरून घेतलं ते काय?’

रास्त प्रश्न. परदेशातल्या आपल्या लोकांनी मागितलं होतं ते दुहेरी नागरिकत्वच. लक्ष्मीमल्ल सिंघवींची समिती २००० साली नेमली गेली, २००२ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला, त्यातही तशी शिफारस होती. ९ जानेवारी २००३ ला पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला वाजपेयींनी घोषणा केली. त्याच वर्षी कायदा झाला तो १६ देशांपुरता. पुढे २००५ मध्ये पाकिस्तान आणि बांगलादेश वगळून सगळ्यांना दार उघडलं आणि २००६ च्या जानेवारीत हैदराबादला मनमोहन सिंगांच्या हस्ते पहिली कार्डं दिली गेली. एवढ्या प्रवासात मूळ मागणीतलं दुहेरी नागरिकत्व कुठेतरी गळालं आणि हाती आली ती ओसीआय नावाची निळसर पुस्तिका. आयुष्यभर केव्हाही या, कितीही वेळा या, हवं तितकं राहा, पोलिसांत नोंद करायला नको. मात्र मत द्यायचं नाही, निवडणुकीला उभं राहायचं नाही, सरकारी नोकरी मागायची नाही, शेतजमीन विकत घ्यायची नाही.

हे वाचलं आणि मला सरकारचं एकदम कौतुक वाटलं. दिल्लीत बसून कुणीतरी माहेरवाशिणीची अचूक व्याख्या लिहून ठेवली होती! माहेरवाशीण कधीही येते, तिला आमंत्रण लागत नाही. ती थेट स्वयंपाकघरात जाते, डबे उघडते, कशात काय आहे हे तिला पाठ असतं. तिचं कोडकौतुक होतं, जाताना ओटी भरली जाते. पण घराला रंग कुठला द्यायचा, गाय विकायची का ठेवायची, हे चाललेलं असताना तिने तोंड उघडलं की भावजय हळूच विचारते, ‘वन्सं, तुमची गाडी कितीची?’ आमच्या बहिणीला हे दुहेरी लागू. ती माहेरवाशीण आहेच, शिवाय कार्डधारक. तिला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिची एकच प्रतिक्रिया होती, ‘हे वहिनीनं लिहिलेलं दिसतंय.’

खरी गंमत पोराच्या कार्डाच्या वेळी झाली होती. लग्नात आमच्याकडे नाव बदलायची पद्धत. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून बघायचं, नवऱ्यामुलाने लाजत ते उच्चारायचं आणि मग पेढे. आडनाव, मधलं नाव तर बदलतंच, आमच्या बहिणीचं पाळण्यातलं नावही बदललं. तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले, नाव मात्र पासपोर्टवर चढलं. पुढे पोरगा झाला. तिकडच्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर रकाना होता: आईचं लग्नापूर्वीचं नाव. आमची बहीण मराठी शाळेतली. रकान्यात विचारलं ते लिहायचं ही तिची शिस्त. तिने लग्नापूर्वीचं नाव लिहिलं, पाळण्यातल्या नावासकट. परिणाम असा, की जन्मदाखल्यावर पोराची आई एक बाई आणि पासपोर्टवर त्याला कडेवर घेऊन उभी असलेली दुसरीच. देवकी आणि यशोदा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात, पण ऑनलाइन अर्जाला त्या समजावता येत नाहीत. त्याला प्रतिज्ञापत्र लागतं. मग इथे मी नगरपालिकेत जाऊन लग्नाच्या दाखल्याची प्रत काढली, त्यावर वधूचं आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं होती, तेव्हा कुठे दोन्ही आया एक झाल्या. दाखला देणारा लिपिक म्हणाला, ‘नावं बदलायची हौस बापयांची, आणि हेलपाटे बायांना.’ हेलपाटे मी घातले होते, पण बोलणं खरं होतं म्हणून गप्प बसलो.

असो. तर मुंबईच्या विमानतळावर काय झालं ते पोराच्याच तोंडून ऐकलं. निघताना नेवार्कला एअरलाइनच्या काउंटरवर विचारलं होतं, ‘भारताचा व्हिसा?’ त्याने पुस्तिका दाखवली, तिथे काही अडलं नाही. मुंबईला अधिकाऱ्याने पुस्तिका उघडली आणि थबकला. कार्ड काढलं तेव्हा हा दहा वर्षांचा. फोटोत गोबरे गाल, कपाळावर झिपऱ्या, आईने घासूनपुसून बसवलेलं पोर. समोर उभा सहा फुटी दाढीवाला. नियमाने सगळं ठीक होतं. विशीच्या आत दर नव्या पासपोर्टमागे फोटो आणि पासपोर्ट ऑनलाइन चढवायचे. ते बहिणीने केलेलं होतं. विसावं उलटल्यावर नवा पासपोर्ट निघाला की एकदा कार्डही नवं करून घ्यायचं, आणि पन्नाशीनंतर पुन्हा एकदा फोटो चढवायचा. विशीला माणसाचा चेहरा पक्का होतो आणि पन्नाशीला पुन्हा घसरतो, हे सरकारला कळलंय. मधली तीस वर्षं ते तुमच्यावर विश्वास टाकतं. आरसाही इतका टाकत नाही.

अधिकाऱ्याने एकदा फोटो पाहिला, एकदा दाढी पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, कुठे जाणार. पोरगा मराठीत म्हणाला, ‘मामांकडे.’

आता ह्याची मराठी ही एक वेगळीच चीज आहे. बहीण १९९८ साली गेली, जाताना जी भाषा बरोबर नेली तीच तिने पोराला पाजली. त्यामुळे हा ‘इश्श’ सोडून बाकी सगळं तेव्हाचं बोलतो. आमच्या इथली त्याच्या वयाची पोरं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून हिंदीत उड्या मारत असतात; हा मात्र ‘मामा, आपण जरा फाटकापर्यंत पाय मोकळे करून येऊ’ म्हणतो. रविवारची मराठी शाळा, गणपतीतलं नाटक, हे सगळं तिकडच्या मंडळात झालेलं आहे. त्यात उरलीसुरली कसर माझ्या आईने फोनवरून भरून काढली.

अधिकारी मराठी निघाला. त्याने विचारलं, ‘मामा कुठं असतात?’ ‘साताऱ्यात.’ ‘साताऱ्यात कुठं?’ ‘राजवाड्याच्या मागे.’ शिक्का बसला. पारावरचा म्हातारा आणि हा अधिकारी यांच्या प्रश्नांत मला तरी फरक दिसला नाही. बहिणीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘आणि जुने पासपोर्ट मागितले का?’ मागितले नव्हते. जुना पासपोर्ट बरोबर बाळगायची अट २०२१ मध्येच गेली. तरी तिने सगळे जुने पासपोर्ट त्याच्या सॅकमध्ये भरलेच होते, शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्याखाली. ‘असू देत,’ म्हणाली. मराठी आईचा कुठल्याही राजपत्रावर विश्वास नसतो.

पुढे लेणी पाहायला वेरूळला गेलो आणि पोराची खरी हौस फिटली. तिथे भारतीयांना तिकीट ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. कार्डधारकाला भारतीय दर, असं नियम सांगतो. पोराने तो मोबाइलमध्ये काढून ठेवलेला, पुस्तिका हातात, वाद घालायची जय्यत तयारी. खिडकीतल्या माणसाने मानही वर केली नाही. ‘किती?’ ‘तीन,’ मी म्हणालो. एकशेवीस रुपये. पोरगा पुस्तिका घेऊन तसाच उभा. ‘मामा, त्यांनी पाहिलंच नाही.’ चेहरा इतका पडला की माझ्या मनात आलं, खिडकीत परत जावं आणि सांगावं, अहो, एकदा संशय तरी घ्या. हक्क आहे हे सिद्ध करायला मिळालं नाही की हक्क मिळाल्याचा आनंद अर्धाच होतो. आणि हा तर किती तरी वर्षं तो सिद्ध करायच्या तयारीत वाढलेला.

मडगावच्या माझ्या एका स्नेह्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्याकडचं कोडं याच्या नेमकं उलटं. आमचा पोरगा परदेशात जन्मला म्हणून परका. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेला माणूस घरातून हललाही नाही, तरी पोर्तुगालच्या कायद्याने तो पोर्तुगीज, आणि त्याच्या वाटेने मुलं, नातवंडंही. फक्त लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद करायची. अनेकांनी केली, पोर्तुगीज पासपोर्ट काढला, त्याच्या जोरावर इंग्लंडात स्विंडनला जाऊन कामाला लागले. इथलं नागरिकत्व अर्थातच गेलं. मग सुट्टीला सासष्टीतल्या आपल्याच घरी यायचं, आपल्याच आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचं, आणि खिशात ओसीआय. ‘तुमचा भाचा मामाकडे व्हिसावर येतो,’ स्नेही म्हणाले, ‘आमचा शेजारी स्वतःकडे येतो.’ यावर बोलायला मला काही सुचलं नाही. कायद्याचं त्यात चुकतं असंही म्हणवत नाही. कुणाला तरी कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ती बाबांच्या जन्मतारखेवरून आणि लिस्बनच्या वहीवरून मारली जावी, हे पचायला जड जातं खरं.

परवा रात्री जेवताना शेतीचा विषय निघाला. विमानात पोराने नियम तोंडपाठ केलेलेच होते. म्हणाला, ‘मामा, कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही.’ मी म्हटलं, बाळा, त्यात तुला वेगळं पाडलेलं नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या कुणालाच सहजी घेता येत नाही. त्या बाबतीत तू आणि पुण्याच्या कोथरूडचा माणूस एकाच पंगतीत. ‘हो, पण वारसाने मिळते,’ तो शांतपणे म्हणाला, ‘आईला मिळालेली मला मिळू शकते.’

ताटावरचे हात थांबले. गावाकडच्या आमच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर, वडील गेल्यावर, बहिणीचंही नाव लागलेलं आहे. हक्कसोड पत्राचा विषय तिच्यापुढे दोन-तीनदा निघाला होता, दर वेळी तिच्या विमानाची वेळ झाली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं.

‘माझे गुंठे किती होतील?’ पोराने मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर काढलं.

मी हिशोब सांगितला. विहिरीतला हिस्सा सांगितला, तो पाळीने येतो, आपली पाळी बहुधा रात्री दोनची. मग बांधाचं सांगितलं. शेजाऱ्याने बांध कोरून कोरून आत घेतलाय, त्याचा दावा आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. जमीन वारसाने येते तसा दावाही येतो, आणि पुढे पोराचं नाव लागलं की तारखेला कोर्टात उभं राहावं लागेल. किती तारखा पडतील ते वकीलसुद्धा सांगत नाही. पोरगा जरा गंभीर झाला, दाढी खाजवू लागला. मी म्हटलं, घाबरू नकोस, तुझं कार्ड आजन्म आहे आणि त्यावर कितीही वेळा येता येतं.