खप्पा मर्जी

इंग्रजीतलं 'डिसप्लेझर' शोभून दिसायला बुडाखाली खुर्ची लागते. राज्यघटनेच्या 164व्या कलमानुसार मंत्री राज्यपालांच्या 'प्लेझर'वर टिकतात. आपण तिला मर्जी म्हणतो, आणि ती फिरली की खप्पा मर्जी. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या धानवाल्याची मर्जी खप्पा झाल्याचं कुणी ऐकलंय? त्याला फार तर वैताग येतो.

खासदार नाना पटोले नाराज झाले, डिसेंबर 2017 मध्ये त्यांनी खासदारकी सोडली आणि 28 मे 2018 ला अख्खा भंडारा-गोंदिया रणरणत्या उन्हात पोटनिवडणुकीच्या रांगेत उभा राहिला. त्यात मतदान यंत्रंही रुसली, काही केंद्रांवर फेरमतदान झालं. नेत्याची नाराजी ही अशी, जिल्ह्याला पुरून उरणारी.

बाकीच्यांचं किरकोळीत चालतं. तुडतुड्यांनी धान फस्त केलं की हताशा, खरेदी केंद्रावर ओलाव्याचा काटा 17 टक्क्यांच्या वर गेला की चीड, बोनसची वाट पाहून वीट, आणि त्याच बोनसवर भाषण ऐकताना शिसारी. इंग्रजीतही अव्हर्शन, लोदिंग, डिसगस्ट असे खण आहेत. डिसगस्टमध्ये तर मूळची तोंडाची चवच गेलेली. पण 2013 पासून मतदान यंत्रावर या सगळ्यांना मिळून एकच बटण आहे, तेही सर्वांत खाली : नोटा, म्हणजे वरीलपैकी कुणीही नाही. 'मले पटत नाई' म्हणणारा आणि 'त्याचं थोबाड पाहावत नाई' म्हणणारा, दोघंही एकाच बेरजेत.

लोकसभेला नोटा पहिली आली तरी निवडून उमेदवारच येतो. पुढे मंत्रिपद हुकलं की तो नाराज व्हायला मोकळा.